कै. डॉ. कमलाबाई सोहोनी : जीवन आणि संशोधनकार्य

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका दिवंगत थोर व्यक्तीचा जीवनपरिचय देण्याचा प्रघात आहे. बहुधा तो मान ज्ञातीतील एखाद्या दात्यास, शिक्षकास अथवा समाजकार्यकर्त्यास मिळतो. यंदा आम्ही हा प्रघात किंचित बाजूस ठेवीत आहोत. ज्या विदुषीचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत, त्या आपल्या ज्ञातीतल्या नव्हेत आणि कर्जत-खालापूर तालुक्यांतल्याही नव्हेत. तरीही आपल्या प्रत्येक घरच्या चुलीशी त्यांचा संबंध आहे. आणि आपल्या मंडळाच्या हातून घडलेल्या एका चुकीशीही त्यांच्या चरित्राचा संबंध आहे. तो कसा, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईलच.

प्रथम चुलीचा संबंध सांगतो. भाताची कापणी उरकली, खळ्यावर उडवी रचली गेली आणि खाचरात थोडी ओल शिल्लक आहे, अशा वेळी आपल्याकडे वाल पेरला जातो. पाण्याची वेगळी सोय नाही, खताचा फारसा खर्च नाही. उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर हे पीक येते. माघात शेंगा भरल्या म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेतातच पोपटी लागते. आणि दाणे सुकून कणगीत पडले म्हणजे पुढे वर्षभर बिरड्याची बेगमी होते. वाल रात्री भिजत घालावा, फडक्यात बांधून मोड आणावे, सोलावा आणि चांगला शिजवावा, हा पाठ आपल्या घरातील मुलींना आजीकडून मिळतो. हे सारे कशासाठी, असे कोणी विचारले तर कच्चा वाल बाधतो, एवढेच उत्तर आजीपाशी असते. तो का बाधतो, याचे उत्तर ज्यांनी प्रयोगशाळेत शोधले आणि जगातील शास्त्रज्ञांपुढे ठेवले, त्या होत कै. डॉ. कमलाबाई सोहोनी.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म १९११-१२ च्या सुमारास इंदूर येथे झाला. मराठी वाचकांना परिचित असलेल्या विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. दुर्गाबाईंनी लोकसाहित्याचा मार्ग धरला आणि १९७५ साली कऱ्हाड येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. धाकट्या कमलाबाईंनी रसायनशास्त्राचा मार्ग धरला. वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूर येथील टाटांच्या विज्ञानसंस्थेत प्रारंभीच्या काळात ज्यांनी अध्ययन केले, त्यांत या बंधूंची गणना होते. कन्येनेही त्याच संस्थेत जावे, ही त्या घराची स्वाभाविक आकांक्षा होती.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जमशेटजी टाटांनी जी मोठी स्वप्ने पाहिली, त्यांत बंगळूरची विज्ञानसंस्था एक होती आणि सह्याद्रीच्या पावसाच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याची योजना ही दुसरी. दोन्ही स्वप्ने त्यांच्या मृत्यूनंतर साकार झाली. पहिल्यातून बंगळूरची संस्था उभी राहिली, तर दुसऱ्यातून आपल्या खोपोलीचे व पुढे भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले. म्हणजे ज्या दानशूराच्या दूरदृष्टीने आपल्या डोंगराखाली दिवे लागले, त्याच्याच दूरदृष्टीने उभ्या राहिलेल्या संस्थेच्या दारात कमलाबाईंच्या जीवनातील पहिला झगडा घडला.

१९३३ साली त्यांनी मुंबई विश्वविद्यालयाची बी.एस्सी. पदवी गुणानुक्रमे सर्वप्रथम येऊन संपादन केली आणि बंगळूरच्या संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेच्या संचालकपदी त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. अर्ज नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते. वडिलांनी व चुलत्यांनी रदबदली करून पाहिली, तीही व्यर्थ गेली. तेव्हा ही तरुणी स्वतः बंगळुरास गेली आणि संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रहास बसली. गांधीजींच्या चळवळीने भारलेला तो काळ होता. परंतु ते हत्यार एका विद्यार्थिनीने प्रयोगशाळेचे दार उघडण्यासाठी उचलावे, ही गोष्ट त्या काळीही अपूर्व होती.

अखेरीस प्रवेश मिळाला, परंतु तो अटींसह. पहिले वर्ष उमेदवारीचे राहील. कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्या कामास मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांच्या चित्ताची एकाग्रता भंग पावता कामा नये. यांतील तिसरी अट वाचून आजच्या वाचकास हसू येईल. ज्या मुलीला ती पाळावी लागली तिला हसू आले नसेल. तथापि कमलाबाईंनी अपमान गिळला आणि काम हाती घेतले. श्री. श्रीनिवासय्या हे त्यांना मार्गदर्शक लाभले. शिस्तीला कठोर, परंतु शिष्येच्या गुणांची पारख असलेला असा हा गुरू होता. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेची दारे स्त्रियांस खुली झाली. रामन यांच्या थोरवीस यामुळे बाध येतो असे आम्ही मानीत नाही. परंतु थोर पुरुषाच्या हातूनही अन्याय घडू शकतो आणि थोर पुरुष तो सुधारूही शकतो, हे दोन्ही पक्ष चरित्रात नोंदले गेलेच पाहिजेत.

श्रीनिवासय्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. भारतातील बहुसंख्य लोकांचे पोषण डाळीवर अवलंबून. तेव्हा डाळीत नेमके काय आहे हे जाणणे म्हणजे देशाच्या अन्नाचाच हिशेब मांडणे होय. या अभ्यासाचे एक फळ १९३५ साली इंग्लंडातील जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डाळींतील जे नत्र प्रथिनांच्या रूपात नसते, त्याविषयीचा तो निबंध होय. त्यावर भागवत व श्रीनिवासय्या अशी दोन नावे होती. ज्या विद्यार्थिनीला दोन वर्षांपूर्वी दारातून परत पाठविले होते, तिचे नाव अशा रीतीने केंब्रिजच्या ग्रंथालयात तिच्या आधी जाऊन पोहोचले. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. विशेष गुणवत्तेसह पूर्ण केली.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिकाने गौरविले गेलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. प्रथम डेरेक रिक्टर यांच्यासमवेत आणि पुढे रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. रिक्टर यांच्यासमवेतचे काम प्राणिशरीरातील विकरांविषयीचे, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्यांविषयीचे होते. १९३९ साली भागवत, ब्लाश्को व रिक्टर या तिघांच्या नावे अमाइन ऑक्सिडेझ या विकराविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये शरीर कसे मोडून टाकते, या प्रश्नाशी त्याचा संबंध होता. पुढे १९५० नंतरच्या दशकात याच जातीच्या विकरास रोखणारी औषधे मानसिक खिन्नतेच्या विकारावर लागू पडतात असे आढळले आणि या विषयाचे महत्त्व शतपटीने वाढले.

हिल यांच्यासमवेतचे काम वनस्पतींचे होते. बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशीजालात सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील द्रव्य असते, प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वासोच्छ्वासामागील यंत्रणा एकाच घडणीची आहे, असे त्यांच्या कामातून दिसून आले. नेचर या जगद्विख्यात साप्ताहिकात १९३९ साली हिल व भागवत यांचे टिपण आले. केंब्रिजला पोहोचल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत कमलाबाईंनी आपला प्रबंध सादर केला. तो टंकलिखित अशा केवळ चाळीस पानांचा होता. आजकाल ग्रंथाच्या जाडीवरून विद्वत्ता जोखणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. केंब्रिजची विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री समजल्या जातात.

१९३९ साली, युद्धाच्या वर्षी, त्या स्वदेशी परतल्या. इंग्लंडात राहून अधिक कीर्ती मिळविणे अशक्य नव्हते; परंतु देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना बाहेर राहणे त्यांच्या मनास रुचले नाही. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून, आणि पुढे नीलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन शाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केले. १९४७ साली विमागणिताचे तज्ज्ञ श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. येथे कुमारी भागवत यांच्या सौ. सोहोनी झाल्या, या नामांतराकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

मुंबईत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह भारतीय आहारातील पदार्थांचा पद्धतशीर शोध मांडला. १९५४ सालापासून भाज्या व कडधान्ये यांतील ट्रिप्सिन-निरोधकांवर त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. हा निरोधक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपण अन्नातून जे प्रथिन खातो त्याचे तुकडे करण्याचे काम आतड्यात ट्रिप्सिन हे विकर करते. ते स्वादुपिंडातून येते. कित्येक कडधान्यांच्या दाण्यात असे एक द्रव्य असते की जे या ट्रिप्सिनला मिठी मारून बसते आणि त्यास काम करू देत नाही. मग प्रथिन पोटात जाऊनही अंगी लागत नाही. कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत आणि शिजविलेल्यावर वाढतात, हे अमेरिकेत १९१७ सालीच दिसून आले होते. सोयाबीनमधील निरोधकाचे स्फटिक तेथे कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास मिळविले. आपल्या वालाचा असा शोध मात्र कोणी घेतला नव्हता.

तो कमलाबाईंनी घेतला. १९५५ साली नेचरमध्ये सोहोनी व अंबे यांचा लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. वाल व डबल बी या दोन भारतीय कडधान्यांतून हा निरोधक स्फटिकरूपात वेगळा केल्याचे त्यात नोंदले होते. स्फटिक मिळणे म्हणजे द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती येणे. काकवीतून खडीसाखर वेगळी व्हावी तसे. पुढे १९६५ साली साळगरकर व सोहोनी यांनी वालातील दुसऱ्या एका द्रव्याचा, रक्तातील तांबड्या पेशींचे गठ्ठे बांधणाऱ्या द्रव्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. अशी द्रव्ये ओलसर उष्णतेने, म्हणजे पाण्यात नीट शिजविल्याने, बहुतांशी निकामी होतात. आजीने घालून दिलेल्या पाठात शास्त्र होते. त्या शास्त्राला शब्द आणि प्रमाण नव्हते. ते कमलाबाईंनी दिले. शेताच्या बांधावर आपण ज्या शेंगा निष्काळजीपणे सोलतो, त्यांच्या दाण्यावर जगातील अग्रगण्य विज्ञानपत्रात मजकूर आला होता, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक होती? आम्हांस तरी नव्हती.

आता संशोधकाच्या कार्याचे मोल कसे ठरते, या प्रश्नाकडे वळू. कारण कमलाबाईंच्या चरित्रातील खरा बोध आमच्या मते तेथेच आहे.

शास्त्रज्ञ आपला निबंध लिहितो तेव्हा ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांची नावे शेवटी देतो. हे एक प्रकारचे ऋण मान्य करणे होय. लग्नकार्यात कोणी कोणास काय आहेर केला याची वही घरोघरी ठेवतात, तसेच हे. एखाद्याच्या निबंधाचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, हे मोजले तर त्या निबंधाचा प्रभाव किती, याचा अंदाज येईल, अशी कल्पना अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडली. योगायोग असा की वालाच्या स्फटिकांचा निबंधही त्याच वर्षीचा. गारफील्ड यांच्या संस्थेने १९६४ पासून विज्ञानातील उल्लेखांची मोठी सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यातून नियतकालिकांचा प्रभावांक निघाला. आणि २००५ साली हिर्श नामक भौतिकशास्त्रज्ञाने व्यक्तीचा अंक काढण्याची रीत सुचविली. ज्याचे दहा निबंध असे आहेत की प्रत्येकाचा निदान दहा वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक दहा. आज नेमणुका, बढत्या व अनुदाने यांच्या निर्णयांत हे आकडे वजन टाकतात. आपल्या ज्ञातीतील जी मुले-मुली आज संशोधनक्षेत्रात आहेत, त्यांना या आकड्यांचा जाच चांगलाच परिचित असेल.

ही वही उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु वही लिहिणाराची रीत जशी, तसा हिशेब निघतो. गारफील्ड यांच्या छापील सूचीत उल्लेखिलेला निबंध पहिल्या लेखकाच्या नावाखाली मांडला जाई. या रीतीने कमलाबाईंचे खाते उघडून पाहू. अमाइन ऑक्सिडेझचा निबंध भागवत या नावाखाली येतो. १९३९ चे वनस्पतींवरील टिपण हिल यांच्या नावाखाली जाते. त्याच विषयाचा विस्तृत निबंध युद्धामुळे की काय, बारा वर्षांनी, १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्यावर पहिले नाव कमलाबाईंचे, परंतु विवाहास चार वर्षे होऊन गेली असूनही ते भागवत असेच आहे. वालाच्या स्फटिकांचा निबंध सोहोनी या नावाखाली येतो. आणि १९६५ चा निबंध विद्यार्थ्याच्या नावाखाली जातो, गुरूचे नाव मागे राहते. म्हणजे बाई एक, बुद्धी एक, हात एक. आणि खाती तीन-चार. वनस्पतींच्या श्वसनावर लिहिणारे पुढील शास्त्रज्ञ भागवतांचा आधार घेत राहिले आणि कडधान्यांतील अपायकारक द्रव्यांवर लिहिणारे सोहोनींचा. या दोन व्यक्ती नसून एकच व्यक्ती आहे, हे त्यांतील अनेकांच्या कधी ध्यानातही आले नसेल.

आपण शेतकरी माणसे. आपणांस हे सातबाराच्या उताऱ्यावरून लवकर उमजेल. एकाच बाईच्या नावाची जमीन एके ठिकाणी माहेरच्या नावाने आणि दुसरे ठिकाणी सासरच्या नावाने लागलेली असली म्हणजे वारसनोंदीच्या वेळी काय त्रेधा उडते, ते आपण तलाठ्याच्या चावडीत पाहिले आहे. पुरुषाच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही, कारण विवाहाने त्याचे नाव पालटत नाही. रामन यांचा पहिला निबंध आणि शेवटचा निबंध एकाच नावाखाली सापडतो. कमलाबाईंचा सापडत नाही. २०१२ पासून संशोधकांस एक कायमचा क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली आहे, जेणेकरून नाव बदलले तरी खाते एकच राहावे. ही व्यवस्था कमलाबाईंच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी आली.

शिवाय असेही कार्य असते की जे कोणत्याच वहीत चढत नाही. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. शिंदी व ताड यांच्या ताज्या, न आंबलेल्या रसात जीवनसत्त्वे व लोह असून त्यापासून केलेल्या गुळात व काकवीतही ती टिकतात, असे त्यांना आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिली असता त्यांची प्रकृती सुधारते, असे दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले. आपल्या डोंगरपट्टीत ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस तेथील मुलांच्या ताटात काय असते, हे आपणांस ठाऊक आहे. तेव्हा या संशोधनाचे मोल आपण परदेशी विद्वानांच्या उल्लेखांवरून ठरवू नये. मुंबईच्या आरे दुग्धप्रकल्पास दूध नासू नये म्हणून त्यांनी शास्त्रीय सल्ला दिला. तो सल्ला रोज सकाळी घरोघरी पोहोचणाऱ्या दुधात होता, निबंधाच्या तळटीपेत नव्हता. १९६६ साली काही जागरूक स्त्रियांनी ग्राहकांच्या हितरक्षणार्थ मुंबईत जी संस्था स्थापन केली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पुढे तिचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले आणि तिच्या कीमत या नियतकालिकात अन्नातील भेसळ व ग्राहकांची सुरक्षितता यांवर सोप्या भाषेत लेख लिहिले. अशा लेखांचा प्रभावांक शून्य. परंतु हळदीत रंग आहे की नाही हे घरच्या घरी पाहण्याची दृष्टी ज्या गृहिणीस आली, तिच्या लेखी त्याचे मोल किती?

मान मिळण्याची वेळ आली तेव्हा मात्र पुन्हा विलंबच वाट्याला आला. मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदास त्या सर्वथैव पात्र असताना अंतर्गत राजकारणामुळे सुमारे चार वर्षे ते पद त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. अखेरीस ते मिळाले. आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या त्या पहिल्या महिला संचालक झाल्याबद्दल त्यांचे केंब्रिजचे जुने मार्गदर्शक रिक्टर यांनी त्यांचे कौतुक केले. बंगळूरच्या दारात एक वर्ष आणि मुंबईच्या गादीपाशी चार वर्षे, अशी पाच वर्षे केवळ स्त्रीत्वाच्या करापोटी या विदुषीने भरली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. तो कर आकारणारे सारे सुशिक्षित होते, हे विशेष.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार योजिला. उतारवयात का होईना, देशाच्या वैद्यकविश्वाने आपल्या या ज्येष्ठ भगिनीची आठवण ठेवली. परंतु त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीत त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. २०२३ च्या जून महिन्यात गूगल या कंपनीने त्यांच्या जन्मदिनी त्यांचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर झळकविले, तेव्हा आपल्या घरातील कित्येक मुलामुलींनी त्यांचे नाव प्रथमच वाचले.

आता प्रारंभी ज्या चुकीचा निर्देश केला, ती वाचकांपुढे कबूल करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीपुढे खालापूर तालुक्यातील एका विवाहित मुलीचा अर्ज आला होता. विज्ञान शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेण्याची तिची इच्छा होती. अर्ज सासरच्या नावाने होता, गुणपत्रिका माहेरच्या नावाने होत्या आणि ज्ञातीचा दाखला वडिलांच्या नावे होता. कागदांचा मेळ बसत नाही, असा शेरा मारून आम्ही तो अर्ज बाजूस ठेवला. मेळ बसविणारे एखादे प्रतिज्ञापत्र मागविणे आमच्या हाती होते. ते आम्ही केले नाही. शिवाय विवाह झाला, आता ही शिकून काय करणार, हा विचार समितीतील आम्हां काही जणांच्या मनात डोकावला नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्या वर्षी ती शिष्यवृत्ती दुसऱ्यास गेली आणि त्या मुलीने पुन्हा अर्ज केला नाही. कमलाबाईंचे निबंध दोन आडनावांखाली विखुरलेले पाहिले, तेव्हा आम्हांस तो अर्ज आठवला आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही. रामन यांनी निदान एका वर्षाने आपला निर्णय फिरविला. आमच्यापाशी ना रामन यांची विद्वत्ता, ना तेवढी तत्परता.

तेव्हा या चरित्रलेखाच्या निमित्ताने मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. पहिली अशी की शिष्यवृत्तीच्या अर्जात विवाहापूर्वीचे नाव व विवाहोत्तर नाव अशा दोन्ही रकाने असावेत आणि केवळ नावाच्या तफावतीवरून कोणाही मुलीचा अर्ज नाकारू नये. दुसरी अशी की विज्ञान व वैद्यक या शाखांत पुढील शिक्षण घेणाऱ्या विवाहित मुलींसाठी दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती राखून ठेवावी. ज्ञातिबांधवांनी यास यथाशक्ती हातभार लावावा, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्या मुलीचा अर्ज आम्ही बाजूस ठेवला तिच्या घरी आम्ही स्वतः जाणार आहोत. तिचे शिक्षणाचे वय सरले असे आम्ही मानीत नाही. तिने काय मानावे, हा सर्वस्वी तिचा अधिकार आहे.

यंदा माघात पोपटी लागेल, मडके उतरेल, वाफाळलेल्या शेंगा पानावर येतील. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलामुलींस एवढे अवश्य सांगावे की या दाण्याचे अंतरंग एका मराठी स्त्रीने उलगडले. तिचे नाव कमला भागवत आणि तिचेच नाव कमला सोहोनी. जगाच्या वहीत ही दोन खाती निराळी असतील. आपल्या स्मरणात तरी ती एकत्र मांडली जावोत, हीच त्या विदुषीस आपली आदरांजली.